शनिवारचं जेवण माझ्याकडे

ओर्नेल्लाने नेपल्सच्या आगगाडीत बसल्या बसल्या जाहीर केलं, "शनिवारी दुपारी जेवताना तुम्हा दोघींना एक गोष्ट सांगायची आहे. आत्ता विचारू नका." तिथून पुढचे अडीच दिवस मी एकही घास नीट चावून खाल्ला नाही.

गोष्ट काय, ते मला माहीत होतं. सप्टेंबरात तिचं लग्न. नवरीच्या बाजूने दोन साक्षीदार उभे राहतात आणि आमच्या चर्चच्या फादर ओत्ताव्ह्योंच्या रजिस्टरात त्यासाठी दोनच ओळी आखलेल्या आहेत. एक ओळ तिच्या भावाची, त्याबद्दल वाद नाही. उरली एक. मी ओर्नेल्लाची चौदाव्या वर्षापासूनची मैत्रीण. समोर बसलेली जिनेव्रा तिच्या ऑफिसातली, दीड वर्षांची. म्हणजे ओळख दीड वर्षांची. वय माझ्याइतकंच, पण दिसत नाही. हेही मला आवडत नाही.

खिडकीजवळची जागा जिनेव्राला मिळाली, कारण माझ्याकडे एत्तोरे होता. एत्तोरे माझा मुलगा, वय आठ महिने. बाळाला तीन दिवस नवऱ्याकडे ठेवून यावं, असा विचार मी केला होता; पण माझा नवरा म्हणजे खिडकी उघडून ती बंद करायला विसरणारा माणूस. तेव्हा एत्तोरे आला. त्याच्याबरोबर तीन लोकरी बंड्या, दोन टोप्या, भाज्यांच्या पाण्याचा थर्मास, डॉक्टरांनी दिलेला खाण्याचा तक्ता आणि दीड किलो चीज आलं.

चीज ही आमच्या खालच्या मजल्यावरच्या सिन्योरा वांदांची सूचना. "नेपल्सला?" त्या जिन्यातच थबकल्या. "अगं, समुद्राचा वारा असतो तिथे. पोराच्या पोटाला वारा लागला की संपलं! आणि पेजेवर किसायला चीज काय घालशील? तिकडे म्हशीच्या दुधाचं करतात, पांढरं, पाणचट. ते का मुलाच्या अंगी लागणार आहे?" मग त्यांनी स्वतःच्या कपाटातून पार्मिजानोचा एक तुकडा आणून माझ्या हातात दिला. तीस महिने मुरलेला. एत्तोरेचं चीज एत्तोरेपेक्षा बावीस महिन्यांनी मोठं होतं. बोलोन्यातल्या कुठल्याही शहाण्या बाईने हेच केलं असतं. मी शिकलेली आहे, सूक्ष्मजीवशास्त्रात पदवी आहे माझी, पण सिन्योरा वांदांसमोर ती चालत नाही.

गाडीत ए.सी.चा झोत थेट एत्तोरेच्या मानेवर. मी जाळीवर माझा स्कार्फ खोचला. तिकीट तपासनीस आला. म्हणाला, "सिन्योरा, जाळी झाकता येत नाही." मी म्हटलं, "बाळाला वारा लागतोय." त्याचा चेहरा एकदम बदलला, कारण त्यालाही आई असणारच. पण नियम तो नियम. त्याने एक अर्ज काढला. ‘डब्यातील हवेबद्दल तक्रार.’ त्यात बाळाचं नाव, जन्मतारीख, हवा गार की उष्ण, आणि प्रवासाचं कारण. मी लिहिलं, ‘मैत्री’. जिनेव्रा हसली. प्रेमाने हसली, असं ओर्नेल्ला म्हणते.

"इर्मा, हा वास कसला गं?" जिनेव्राने विचारलं. "छान आहे. घरगुती."

‘घरगुती’! त्या शब्दावर मी फ्लॉरेन्सपासून रोमपर्यंत विचार केला.

नेपल्सला उतरल्यापासून तर सगळंच जिनेव्राचं. तिची आजी नेपल्सची. तिला बोली येते, गल्ल्या येतात, कुठल्या दुकानात सकाळी सातच्या आत गेलं की स्फोल्यातेल्ला, ती पापुद्र्यांची पेस्ट्री, भट्टीतून निघता निघता मिळते, ते येतं. आम्ही जिथे उतरलो, त्या इमारतीची लिफ्ट नाणं टाकल्याशिवाय चालत नाही. चौथा मजला, बाबागाडी, दीड किलो चीज. नाणं कुणाकडे होतं? जिनेव्राकडे. एक छोटी थैलीच होती तिच्याकडे नाण्यांची, आजीने विणलेली. मी पर्स उपसून दोन चोखण्या आणि थर्मामीटर काढलं.

सर्वांत वाईट गोष्ट ही, की तिने खायला घातलेलं काहीच वाईट नव्हतं. ती स्फोल्यातेल्ला मी बेकरीच्या दारात उभ्याने खाल्ली. पापुद्रे माझ्या कोटावर, एत्तोरेच्या टोपीवर. आत रिकोटा, संत्र्याचा वास आणि जीभ भाजण्याइतकं गरम. माझे डोळे मिटले. उघडले तर ओर्नेल्ला जिनेव्राच्या हनुवटीवरची साखर पुसत होती. माझ्या हनुवटीवरही होती. संध्याकाळी तळलेला पिझ्झा, कागदात दुमडून, भिंतीला टेकून, वरून कुणाचे तरी वाळत घातलेले पायजमे आमच्यावर ठिबकताहेत, स्कूटर कोपराला चाटून जाताहेत, आणि ओर्नेल्ला म्हणतेय, "जिने, तू नसतीस तर आम्ही कुठे जेवलो असतो!"

जिने! सोळा वर्षांत मला तिने कधी ‘इरी’ म्हटलेलं नाही.

तेव्हा मी ऐकवलं, "शनिवारचं जेवण माझ्याकडे."

"तुझ्याकडे?" ओर्नेल्ला म्हणाली. "अगं, तुला एत्तोरेचं बघायचं असतं..."

"शनिवारचं जेवण," मी पुन्हा म्हणाले, "माझ्याकडे."

याची तयारी मी दोन महिने केली होती. एत्तोरेला पाजताना एक हात मोकळा असतो. त्या हाताने मी फोनवर नेपल्समधली झाडून सगळी जेवणाची ठिकाणं वाचून काढली होती आणि दोन्ना नुन्त्सियाता नावाच्या बाईंची खानावळ निवडली होती. सहा टेबलं. तिसऱ्यांची, म्हणजे शिंपल्यांची, स्पॅगेटी. जिनेव्रालाही माहीत नव्हती. ती म्हणाली, "अय्या, ही मी ऐकलीच नाही कधी!" तो माझ्या सहलीतला पहिला आनंदाचा क्षण.

दोन्ना नुन्त्सियाता फोन घेत नाहीत. सकाळी दहाला स्वतः जायचं आणि दाराशी टांगलेल्या वहीत नाव लिहायचं. खानावळ पन्नास पायऱ्यांच्या गल्लीत. मैत्रिणींना म्हटलं, तुम्ही फिरा, एक वाजता या. हे माझं काम आहे. बाबागाडी घेऊन मी पायऱ्यांच्या तळाशी उभी राहिले, तोच एका कोळ्याने पुढचं चाक धरलं, एका न्हाव्याने मागचं, आणि एत्तोरेची पालखी निघाली. बरोबर सूचनाही निघाल्या.

"केवढे कपडे घातलेत! उकडतंय त्याला," न्हावी म्हणाला.

"उकडतंय काय? कान उघडे आहेत त्याचे," कोळी म्हणाला.

"कान तुझे उघडे आहेत म्हणून बायको बोलते ते ऐकू येतं तुला!"

या गडबडीत गाडीच्या खालच्या जाळीतून थर्मास निसटला आणि टण्‌ टण्‌ करत पन्नासच्या पन्नास पायऱ्या उतरून गेला. झाकण उडालं. एत्तोरेचं गाजर-बटाटा-दुधीचं पाणी गल्लीला लागलं. एक मांजर आलं, हुंगलं, परत गेलं.

वहीपाशी दोन्ना नुन्त्सियाता स्वतः उभ्या. उंची माझ्या खांद्याइतकी, आवाज वरच्या मजल्याइतका.

"किती जण?"

"तीन. आणि एक बाळ."

"बाळाला दात आहेत?"

"दोन."

"मग चार. चौघांचं टेबल एक वाजून दहा मिनिटांनी. नाव पुकारलं की चारही जण दारात दिसले पाहिजेत. एकही कमी असला, तर नाव शेवटी." माझे उच्चार ऐकून वहीत त्यांनी नाव लिहिलं, ‘बोलोन्या’.

एक वाजला. एत्तोरेला बरोबर एक वाजता भूक लागते. याबाबतीत तो स्विस आहे. पाणी नाही म्हणजे पेज नाही. तो रडू लागला. अर्ध्या मिनिटात गल्लीतल्या सर्व गॅलऱ्यांत बायका आल्या. "दात येतायत!" "पोट दुखतंय!" "आईचं लक्ष नाही!" हे शेवटचं मला नीट ऐकू आलं. मी वर बघून ओरडले, "भाज्यांचं पाणी हवंय! गाजर, बटाटा, दुधी! मीठ नको!" आणि तिसऱ्या मजल्यावरून दोरीला बांधलेली एक टोपली खाली आली. त्यात पातेलं, पातेल्यात ऊन ऊन पाणी. मी वास घेतला. सेलरी होती. सेलरी तक्त्यात नवव्या महिन्यात आहे. वरून बाई म्हणाल्या, "वास काय घेतेस लेकी, मी का विष घालणार आहे?" मी पाणी घेतलं. तेवढ्यात नाव पुकारलं गेलं. "बोलोन्या! चार!"

आम्ही दोघंच होतो. मी आणि रडणारा एत्तोरे.

"बोलोन्या, दुसऱ्यांदा!"

माझ्या मागे रांगेत एक वयस्क जोडपं होतं. मी काकूंचा हात धरला. "काकू, दोन मिनिटं माझ्या मैत्रिणी व्हा." काकूंना ते फार आवडलं. काकाही एका क्षणात मैत्रीण झाले. चौघं दारात उभे राहिलो. दोन्ना नुन्त्सियातांनी काकांकडे पाहिलं, काकांच्या मिशीकडे पाहिलं आणि आत जा अशी मान हलवली, कारण मागून ओर्नेल्ला आणि जिनेव्रा धापा टाकत येत होत्याच. हातात आइस्क्रीम! जेवणाआधी आइस्क्रीम! आणि दोघींच्या हातात एकाच रंगाचं, पिस्त्याचं. मला पिस्ता आवडतो, हे ओर्नेल्लाला माहीत आहे.

बसलो. भिंतीलगतचं टेबल, दारापासून लांब, वारा नाही. मी बोट ओलं करून तपासलं. ओर्नेल्लाने माझा हात दाबला. "इर्मा, काय जागा शोधलीस गं! बरं, आता मी..."

"थांब," मी म्हटलं, "आधी पेज." टोपलीतल्या पाण्यात तांदळाचं पीठ कालवलं, चमचाभर तेल घातलं, पिशवीतून दीड किलो पार्मिजानो काढलं आणि छोट्या किसणीने किसायला घेतलं. बरोबर त्याच वेळी दोन्ना नुन्त्सियाता तिसऱ्यांच्या स्पॅगेटीची परात घेऊन आल्या.

परात हवेत थांबली. खानावळीतले काटेही थांबले. समुद्रातल्या पदार्थावर चीज म्हणजे तिथे पाप.

"ते काय आहे?"

"पार्मिजानो," मी म्हणाले.

"तिसऱ्यांवर?"

"नाही हो, बाळाच्या पेजेवर."

"माझ्या टेबलावर! माझ्या तिसऱ्यांपासून एका वितीवर!" त्यांनी परात शेजारच्या टेबलावर ठेवली, तिथल्या लोकांनी ती सन्मानाने सांभाळली. "चाळीस वर्षं झाली मला ही खानावळ चालवून. एक जर्मन आला होता, त्यानेसुद्धा विचारून मागितलं. तू घरून घेऊन आलीस?"

"आमच्याकडे," माझा आवाज चढला, "याच्याशिवाय मूल मोठं होत नाही."

"आमच्याकडे झाली की!" एकशे दहा किलोचा एक गृहस्थ कोपऱ्यातून म्हणाला. खानावळ हसली. बोलोन्याचा अपमान मी एकवेळ गिळला असता, पण जिनेव्रा मध्ये पडली. नेपल्सच्या बोलीत काहीतरी गोड गोड बोलली. मला एवढंच कळलं, ‘पहिलटकरीण आहे बिचारी, घाबरट आहे’. बिचारी! दोन्ना नुन्त्सियातांचा चेहरा मऊ झाला. त्यांनी निकाल दिला, "चीज आणि पोर, दोन्ही आत. तिसऱ्या इथे." आणि एका काखेत दीड किलो चीज आणि दुसऱ्या काखेत माझा मुलगा घेऊन त्या स्वयंपाकघरात गेल्या.

मी मागोमाग धावले. मागे ओर्नेल्ला म्हणत होती, "अगं इर्मा, बस ना, मला सांगायचंय..."

आत एत्तोरे ओट्यावर बसला होता आणि टोमॅटोत बुडवलेला पावाचा कडक तुकडा दोन दातांनी चघळत होता.

"टोमॅटो!" मी किंचाळले. "टोमॅटो दहाव्या महिन्यात आहे!"

"कुठे आहे?"

मी तक्ता दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो शेवटपर्यंत वाचला. "छान छापलाय," म्हणाल्या. "मी पाच वाढवले. एक बोटीवर इंजिनीअर आहे. हे धर." आणि माझ्या हातात ताटली दिली. "खा. उभ्यानेच खा, गरम आहे."

"पण तो..."

"त्याला मी धरलंय. दोन हात आहेत ना तुला? वापर."

मी खाल्लं. काय सांगू! लसूण, तेल, मिरचीची एक चुणूक, आणि समुद्र. तिसऱ्या उघडत होते, शिंपला ओठाला लावत होते, बोटं चाटत होते. आठ महिन्यांत पहिल्यांदा मी काहीतरी गरम असताना संपवलं. कुणाच्या मानेवर हात ठेवून पाहिला नाही. ती चार-पाच मिनिटं माझा जगातल्या कुठल्याही बाईवर राग नव्हता, मला वाटतं जिनेव्रावरसुद्धा. दोन्ना नुन्त्सियातांनी पाठ वळवून माझ्या पार्मिजानोचा एक खडा तोंडात टाकला. तेही मी पाहिलं नाही असं दाखवलं.

अशा मऊ मनाने, एत्तोरेला कडेवर घेऊन, तोंडात शेवटचा घास ठेवून मी बाहेर आले. आणि पाहिलं.

ओर्नेल्ला आणि जिनेव्रा मिठी मारून बसल्या होत्या. जिनेव्रा रडत होती. ओर्नेल्ला तिच्या पाठीवरून हात फिरवत होती.

झालं. विचारलं. माझ्या खानावळीत, माझ्या टेबलावर, मी आत असताना.

मला दोन गोष्टी करता आल्या असत्या. एक म्हणजे रडणं, पण ते काम जिनेव्राने आधीच घेतलं होतं. दुसरी म्हणजे मान ताठ ठेवणं. मी मान ताठ ठेवली. हनुवटीवर तेल होतं, ते नंतर कळलं. मी घास गालात ढकलला, टेबलाशी उभी राहिले आणि सगळ्या खानावळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "जिनेव्रा, अभिनंदन. ओर्नेल्लाची साक्षीदार तूच व्हायला हवीस. मी तर म्हणते, तुझ्याइतकी योग्य दुसरी कुणी नाही. माझ्या मनात काही नाही. मनापासून सांगते." यातलं चार आणे खरं होतं. ते तिसऱ्यांमुळे.

जिनेव्राने नाक पुसलं. मग ओर्नेल्ला उठली आणि तिने एत्तोरेसकट मला मिठी मारली.

"इर्मा! अगं, तू कसली बाई आहेस! मी जिनेला आत्ता हेच सांगत होते, की साक्षीदार इर्माच असणार, तू वाईट वाटून घेऊ नकोस. तिला फार आशा होती गं. रडायलाच लागली. आणि तू... तू आपणहून तुझी जागा तिला देतेस!"

माझ्या तोंडात अजून स्पॅगेटी होती. ती गिळताही येईना आणि बोलताही येईना.

"म्ह," मी म्हणाले.

"नाही नाही," जिनेव्रा हुंदके देत म्हणाली, "मी नाही घेणार, तो मान इर्माचा आहे."

हा माझा क्षण होता. फक्त ‘बरं’ म्हणायचं होतं. मी घास गिळला, तोंड उघडलं. पण तेवढ्यात रांगेतल्या त्या काकूंनी, ज्या आता शेजारच्या टेबलावर होत्या, टाळ्या वाजवल्या. मग काकांनी. मग एकशे दहा किलोंनी. दोन्ना नुन्त्सियाता दारात येऊन म्हणाल्या, "उत्तरेकडच्या बाईचं एवढं मोठं मन मी पहिल्यांदा बघितलं," आणि सगळ्यांना घरचं लिंबाचं मद्य पाजलं. इतक्या लोकांसमोर मन लहान कसं करणार?

"मान कसला," मी म्हणाले. "घे गं."

बोलोन्याला परतल्यावर दुसऱ्याच दिवशी मी फादर ओत्ताव्ह्योंना भेटले. सहजच. म्हटलं, रजिस्टरात आणखी एखादी ओळ हाताने आखता येईल का? त्यांनी रजिस्टर काढलं, बोट ठेवून ओळी मोजल्या. "नवरीच्या बाजूला दोन." मी म्हटलं, समासात? ते म्हणाले, समास बाप्तिस्म्याच्या नोंदींसाठी असतो. वरच्या कार्यालयाला अर्ज केला, तर कदाचित पुढच्या वर्षी समिती विचार करेल. अर्जात कारण लिहावं लागेल. मी कारण लिहायला बसले. तीन कागद फाडले. ‘उदार मनाने दिलेली जागा परत हवी’ हे अधिकृत भाषेत कसं लिहितात, ते कुणीच शिकवत नाही.

सिन्योरा वांदांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "चूक तुझी नाही. वारा लागला तुला."

जिनेव्रा मात्र मला रोज फोन करते. तिने आयुष्यात कधी साक्षीदारकी केलेली नाही, तिला सगळं विचारायचं असतं. पोशाख कुठला, भाषण किती लांब, ओर्नेल्ला शाळेत कशी होती. सुरुवातीला मी तुटक उत्तरं दिली. मग थोडी लांब दिली. ओर्नेल्ला शाळेत कशी होती हा विषय एका फोनमध्ये संपणारा नाही. परवा तर आम्ही इतक्या हसलो, की एत्तोरे जागा झाला. ती मला आता इरी म्हणते.

काल ओर्नेल्लाचा फोन आला. नेहमीसारखा लग्नाच्या फुलांचा विषय नव्हता.

"तासभर तुझा फोन लागत नव्हता," ती म्हणाली.

"जिनेशी बोलत होते."

"तासभर?"

"झाला असेल."

"कशाबद्दल?"

"असंच."

"असंच म्हणजे? माझ्याबद्दल का? तुमचं बरंच जमायला लागलंय हल्ली."

मी खुर्ची ओढून आरामात बसले, फोन दुसऱ्या कानाला लावला आणि तिला तो प्रश्न पुन्हा एकदा विचारू दिला.